कॅम्पर व्हॅन घेऊन महिनाभर साऊथ फिरणं झेपतं का? चांगलं-वाईट दोन्ही सांगा

तुम्ही लिहिलंय की सांगलीत राहता, नवरा-बायको आणि सातवीतला मुलगा, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय करून कॅम्पर बनवायला जुनी ट्रॅव्हलर मिनीबस बघून ठेवलीय आणि जानेवारीत कन्याकुमारीपर्यंत जायचा विचार आहे. आम्ही मिरजेचे, तिघंच, गाडी पण तीच आणि रस्ता पण बराचसा तोच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झेपतं. पण व्हिडिओत जे दिसतं तो दिवसातला एखादा तास असतो, बाकी सगळा वेळ पाणी कुठं भरायचं, संडासला कुठं जायचं आणि रात्री गाडी कुठं लावायची यात जातो. घर सोबत घेतलं की घरकाम पण सोबत येतंच. वहिनींशी यावर आधीच नीट बोला, कारण ही कामं एकट्याच्या गळ्यात पडली की दोन-तीन दिवसांतच गाडीत अबोला सुरू होतो, आणि एवढ्याशा जागेत अबोला धरून बसायला दुसरी खोली नसते.

जानेवारी चांगला आहे, तामिळनाडूचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस तोवर संपलेला असतो. फक्त पहिला पंधरवडा टाळा. शबरीमलाची मकरज्योत आणि पोंगल दोन्ही १४-१५ तारखेच्या आसपास येतात, त्यावेळी केरळचे रस्ते आणि देवळांची पार्किंगं फुल असतात. २० नंतर निघा, आणि उजाडल्यावर निघा, संध्याकाळी नको, आपल्याकडं तेव्हा उसाचा सीझन ऐन भरात असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागं लाईट ना रिफ्लेक्टर असे अंधारात चाललेले असतात.

हुबळीवरून यल्लापूरमार्गे अंकोल्याला उतरताना अरबैल घाट लागतो, तिथं भरलेली कॅम्पर उतरवणं म्हणजे कार उतरवणं नाही. आधीच खालचा गिअर टाकायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, मागनं कोणी हॉर्न मारला तर मारू दे. वजन हा विषय लोक फार हलक्यात घेतात. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे ८० लिटरची टाकी भरली की एक अख्खा माणूस वाढला, त्यात सुतार जाड प्लायचे कप्पे करून देतो. कुपवाडला फॅब्रिकेशन करून घेणार असाल तर ॲल्युमिनियमचा सांगाडा करा आणि जड सामान खाली, चाकांच्या मध्ये येईल असं ठेवा.

लाईटचं गणित सोपं आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. दोन फॅन, छोटा फ्रिज, मोबाईल, लाईट यात आरामात भागतं, वर सोलर आणि गाडी चालताना चार्ज करणारा चार्जर असला की काळजी नाही. पण इंडक्शन लावलं तर तासाभरात बॅटरी झोपते आणि एसी तर विसराच. किनाऱ्यावर जानेवारीतसुद्धा रात्री घाम येतो, धुतलेले कपडे वाळत नाहीत, गाडीत कुबट वास भरून राहतो. दर तीन-चार दिवसांनी एक रात्र लॉजवर काढा, अंघोळ, धुणं, पाठ सरळ. त्यात काही कमीपणा नाही. गॅसचं मात्र ऐका, घरचा सिलेंडर आत ठेवू नका आणि दारं-खिडक्या लावून आत स्वयंपाक तर अजिबात नको.

रात्रीच्या जागेसाठी ट्रक थांबतात असे हायवेवरचे मोठे पंप सगळ्यात बरे, डिझेल तिथंच भरायचं आणि मॅनेजरला विचारून कडेला लावायची. देवस्थानांची पार्किंगं पण चांगली असतात. बीचवर झोपायचं स्वप्न सगळ्यांचं असतं, पण बऱ्याच ठिकाणी पोलीस उठवतात. आम्हाला रात्री दीडला उठवलं, गाडीत पोरगं झोपलेलं, बाहेर टॉर्च, भाषा कळेना, अशा वेळी माणूस घाबरतोच. त्यानंतर आम्ही दिवस मावळायच्या आत जागा पक्की करायचो. आणि सकाळ बीचजवळ काढायची ना! मरवंतेला हायवेच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी आहे, आम्ही साडेसहाला तिथं पोचलो, मागचं दार उघडून चहा ठेवला, पोरगं पायरीवर पाय सोडून बसलं, एकदा इकडं बघायचं एकदा तिकडं. असली सकाळ हॉटेल बुक करून मिळत नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. कोइमतूरला आमची क्लच प्लेट गेली. भरबाजारात गाडी उभी, मेकॅनिक काय म्हणतोय ते आम्हाला कळेना आणि आमचं त्याला. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतनं एक माणूस नंबर प्लेट बघत आला, "एमएच धा! पाव्हणं, सांगलीचं काय वो?" विट्याकडचे गलाईवाले. तुम्हाला माहीत असेलच, आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं दुष्काळामुळं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेलीत, त्रिशूर, कोइमतूर, मदुराई, जिथं सराफ बाजार तिथं आपलं कोणीतरी असतंच. त्यांनी मेकॅनिकशी तमिळमध्ये बोलून पार्ट कधी येणार, किती पैसे, सगळं ठरवून दिलं आणि आम्हाला घरी नेलं. वहिनींनी ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, जत्रेला गाडी करून गावी कसे येतो ते सांगत बसल्या. त्यांची पोरं आपापसात तमिळ आणि आईशी गावाकडचं मराठी बोलत होती, आणि माझं पोरगं त्यांच्यात असं मिसळलं की गाडी तयार झाल्यावर निघायलाच तयार नव्हतं. पार्ट यायला वेळ लागला म्हणून पुढचं कोडाईकॅनाल आम्ही काढून टाकलं, पण घरी आजही विषय निघतो तो त्या घराचा. तुम्ही पण गावाहून कोणा गलाईवाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि प्लॅनमध्ये मोकळे दिवस सोडा. रोज ३०० किलोमीटर मारायचा प्लॅन असेल तर असं कोणाच्या घरी थांबताच येत नाही.

पैसे वाचतील या हिशोबानं जाऊ नका. सगळं मिळून ४,००० किलोमीटर धरा, १० चं ॲव्हरेज धरा, ४०० लिटर डिझेल झालं, वर फॅब्रिकेशनचा खर्च. कार आणि साध्या लॉजमध्ये जवळपास तेवढ्यातच होतं.

गाडी घेण्याआधी आरसी बघा. पिवळ्या पाटीची असेल तर दुसऱ्या राज्यात परमिट-टॅक्सची कटकट आहे. आणि कंपनीनं दिलेल्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते, इन्शुरन्सवाल्यांनाही कळवावं लागतं, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढं करतात.

आणि थेट कन्याकुमारी नको. डिसेंबरात एखाद्या शनिवार-रविवारी सज्जनगड किंवा बामणोलीकडं दोन रात्री काढून या, रात्री थंडी असते, घाट पण होतो. पाणी किती लागलं ते लिहून ठेवा, पोराला आत झोप लागते का बघा, तुमची उंची जास्त असेल तर बेडवर पाय पूर्ण पसरतात का तेही बघा. आमचा बेड सहा फूट दोन इंच केलाय, त्यापेक्षा कमी करू नका.