चित्रपट-मालिकांत दिसतात तसेच शिवाजी महाराज होते का?

पडद्यावरचे महाराज आणि खरे महाराज यांत किती अंतर आहे, असं तुम्ही विचारलंय. मी इतिहासकार नाही. बेळगावात आमच्या गल्लीच्या मंडळासाठी शिवजयंतीच्या सजीव देखाव्यांचे संवाद अकरा वर्षं लिहितोय, त्या अनुभवावर सांगतो.

भालजी पेंढारकरांनी १९५२ साली चंद्रकांत मांडरे यांना महाराज म्हणून उभं केलं आणि आमच्या आजोबांसाठी महाराजांचा चेहरा तोच झाला. माझ्या पिढीसाठी तो अमोल कोल्हे यांचा. चेहरा बदलला तरी प्रसंग तेच राहिले: अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा, पावनखिंड. आणि अलीकडे आवाज फार चढलाय. महाराज साधं बोलतानाही गरजतात.

खरं सांगायचं तर आम्हीही तेच केलं. आमच्याकडे जयंती तिथीनं, वैशाखात असते. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर वाघनखं बाहेर आली की गर्दी शिट्ट्या मारते, आणि त्या शिट्ट्यांसाठी मी वर्षानुवर्षं संवाद लिहिले.

पण अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं गोवळकोंडा शैलीतलं महाराजांचं चित्र एकदा नीट बघा. १६८० च्या सुमाराचं आहे. चेहरा शांत आहे, डोळे सावध. आणि चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराबाबतचं त्यांचं पत्र वाचा. दाणा-वैरण जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताची गंज पेटेल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराचा विचार करतोय! हा माणूस मला कुठल्याच पडद्यावर भेटला नाही.

आमच्या जिल्ह्यातली गोष्ट तर अजून मोठी आहे. १६७८ साली, दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना मराठी फौजेनं बैलहोंगलजवळच्या बेळवडीच्या गढीला वेढा घातला. गढी लढवली तिथल्या देसाईणीनं. महाराजांची बखर लिहिणारा सभासद तिला सावित्रीबाई म्हणतो, कन्नड मुलूख मल्लम्मा म्हणतो. तिनं गढी सत्तावीस दिवस लढवली, असं सभासद सांगतो. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी तर त्याच वर्षी फेब्रुवारीत लिहून ठेवलंय की इतकी राज्यं जिंकणाऱ्या राजाला ही एक बाई आवरत नाही. गढी अखेर पडली. एका फारसी तवारिखेत पुढचं येतं: तिच्याशी गैरवर्तन करणाऱ्या आपल्याच सरदाराचे, सखूजी गायकवाडाचे, डोळे महाराजांनी काढवले.

धारवाडजवळ यादवाडला मारुतीच्या देवळापाशी एक कोरीव शिळा आहे. ती मल्लम्मानं कोरवून घेतली असं लोक सांगतात. वरच्या भागात महाराज घोड्यावर, खालच्या भागात बसलेले, मांडीवर तिचं लेकरू. हरलेल्या बाजूनं जिंकणाऱ्याचं असं शिल्प करावं, यापेक्षा मोठा पोवाडा कुठला? आणि हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. कन्नड वर्गातल्या पोरांना मल्लम्मा कळली, मराठी वर्गातल्यांना महाराज कळले. त्या दोघांची भेट दोन्हीकडे राहून गेली.

तीन वर्षांपूर्वी मी हट्टानं हा देखावा लिहिला. पोरं कुरकुरली. "महाराज नुसतं बसल्यावर लोक बघतात व्हय?" मग शेजारच्या वहिनींनी आपलं आठ महिन्यांचं बाळ दिलं. महाराज झालेला पोरगा फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, हातांवर ठिणग्यांचे डाग. त्या हातांनी तो बाळाला असा धरून बसला होता की दाढीचा गम घामानं सुटायला लागला तरी हात हलवेना. बाळानं दाढी ओढली, अर्धी निघून आली. संवाद एकच ठेवला होता, मल्लम्माच्या तोंडी, आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत. त्या रात्री शिट्टी वाजली नाही. एक आजी ट्रॉलीजवळ आल्या, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि बाळाच्या पायाला हात लावून निघून गेल्या. एक वाजता बाळ झोपलं म्हणून बाहुली ठेवली, पण पोरगा बाहुलीलाही तसाच धरून बसला.

म्हणून माझं उत्तर: पडद्यावर दिसतात ते महाराज खोटे नाहीत, अर्धे आहेत. इकडे आलात तर यादवाडला जाऊन या. खालचा भाग बघायला खाली बसावं लागलं तर बसा, घाई करू नका.