सातवीतल्या मुलीला आकडेमोड येते, मग शाब्दिक उदाहरणं का सुटत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, पाढे तीसपर्यंत पाठ, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी बिनचूक, पण शाब्दिक उदाहरण आलं की वही पुढं करून विचारते, "बाबा, गुणायचं की भागायचं?" क्लास बदलून झाला, सरावाची दोन पुस्तकं आणून झाली, फरक पडला नाही. घरी काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

कोल्हापुरात सहावी ते आठवीला गणित शिकवून मला १९ वर्षं झाली. या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. त्यामुळं आधी एक सांगतो, तुमची मुलगी गणितात कच्ची नाही. उदाहरण वाचायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. यात आम्ही शिक्षक आलोच.

मीही हे केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की भागाकार. मुलांना तो आवडायचा, चाचणीत मार्कही पडायचे. मग एके दिवशी फळ्यावर लिहिलं, "अमितकडं ४५ गोट्या आहेत. त्या सुमितपेक्षा १२ नं जास्त आहेत. सुमितकडं किती?" निम्म्याहून जास्त वर्गानं ५७ लिहिलं. 'जास्त' दिसलं, बेरीज केली. सुमितकडं अमितपेक्षा कमी गोट्या आहेत, हे चित्र कुणाच्या डोळ्यापुढं आलंच नव्हतं. मुलं चुकली नव्हती, मी शिकवलं होतं तसंच त्यांनी केलं होतं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तो तक्ता उतरवला.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथं १९८० च्या सुमारास गणित शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी प्राथमिकच्या मुलांना एक प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांतूनच वय काढून दिलं. मी हाच प्रश्न धनगराचा करून आमच्या सहावीला दिला. उत्तर आलं ३६. एका मुलाच्या वहीत मात्र आधी २६० लिहून खोडलेलं होतं, त्याखाली १६ लिहून खोडलेलं होतं आणि मग ३६. त्याला विचारलं तर म्हणाला, "२६० वर्षांचा माणूस नसतो सर, आणि १६ वर्षांचा पोरगा एवढी जनावरं कशी सांभाळंल?" बघा, पोरगं विचार करत होतं. चांगला विचार करत होतं. फक्त तो विचार कोणती क्रिया वापरायची हे ठरवण्यात खर्च होत होता. 'याचं उत्तर निघत नाही' असं म्हणायची मुभा वर्गात असते, हेच त्याला माहीत नव्हतं.

आता घरी काय करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे उदाहरणातले आकडे झाका. खरंच झाका, बोटानं किंवा कागदाच्या पट्टीनं. आकडे दिसले की मुलाचा हात चालू लागतो आणि डोकं थांबतं. मी वर्गात एक उदाहरण नेहमी घेतो, ते तसंच देतो. "एका शेतकऱ्यानं आपल्या रानाच्या काही भागात ऊस लावला. उरलेल्या रानाच्या काही भागात भुईमूग केला. तरी काही गुंठे शिल्लक राहिले, त्यात सोयाबीन पेरलं." एवढंच वाचून दाखवायचं आणि विचारायचं, काय चाललंय इथं? भुईमूग कशाचा भाग आहे, सगळ्या रानाचा का उरलेल्याचा? या एका प्रश्नावर माझा वर्ग दहा-दहा मिनिटं भांडलेला आहे, आणि ती दहा मिनिटं मला दहा सोडवलेल्या उदाहरणांपेक्षा मोलाची वाटतात.

मग आकडे द्यायचे. ऊस २/५ भागात, भुईमूग उरलेल्याच्या १/३ भागात, सोयाबीनला राहिले १६ गुंठे. एकूण रान किती?

गेल्या वर्षी करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी मुलगी फळ्यापाशी आली. एरवी तास संपेपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. तिनं एक लांब पट्टी काढली, तिची पाच घरं केली. दोन घरांत 'ऊस' लिहिलं. उरली तीन. त्यातल्या एकात 'भुईमूग'. मग खडू हातात धरून उभी राहिली. मला सांगायचा फार मोह होत होता, पण मी गप्प बसलो. मागून कुणीतरी "क्ष धर, क्ष" म्हणालं, त्याला मी हातानंच थांबवलं. ती हळू आवाजात बोलायला लागली, "दोन घरं राहिली. त्यात सोयाबीन. म्हणजे दोन घरं १६ गुंठे. एक घर ८. पाच घरं..." आणि मोठ्यांदा म्हणाली, "सर, एक एकर!" चाळीस नव्हे, एक एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर ती घरात रोज ऐकते. पुस्तकातलं रान तिच्या घरचं रान झालं ते तिथं.

ही पट्टी तुमच्या मुलीला शिकवा. अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा सगळीकडं चालते. आठवीत समीकरणं आली की तिच्यातलं एक घर म्हणजेच क्ष होतो, वेगळं काही शिकावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मिश्र सरावाची. आपली सरावाची पुस्तकं धड्यांप्रमाणे असतात. 'समप्रमाण' या मथळ्याखाली सगळी उदाहरणं समप्रमाणाची. मूल पहिली दोन नीट करतं आणि पुढची आठ न वाचताच सोडवतं. परीक्षेत मथळा नसतो, तिथं सगळं कोसळतं. त्यामुळं रोज तीनच उदाहरणं द्या, पण तीन वेगवेगळ्या धड्यांतली. मधूनच एक फसवं टाका. "दोरीवर एक शर्ट वाळायला २ तास लागतात, तर पाच शर्ट वाळायला किती?" दहा तास म्हणाली तर रागावू नका, गॅलरीतल्या दोरीकडं बोट दाखवा.

तिसरी गोष्ट, प्रश्न तिला तयार करू दे. याचं कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, कारण पावसाळ्यात आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर आयतं गणित येऊन पडतं. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणीपातळी अमुक फूट अमुक इंच, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. एकदा जुलैत मी सातवीच्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. सकाळी ८ वाजता ३६ फूट ४ इंच. रात्री ८ वाजता ३७ फूट ७ इंच. खाली काहीच लिहिलं नाही.

"सर, प्रश्न कुठाय?"

"तुम्ही सांगा."

थोडा वेळ चुळबुळ झाली. मग एक म्हणाला, शाळेला सुट्टी कधी मिळणार? हसण्यात गेलं, पण मी तोच धरला. ३९ फुटांना पाणी कधी लागणार? एका हुशार मुलानं झटपट सोडवलं. ३७.७ वजा ३६.४, चढ १.३. ३९ वजा ३७.७, राहिलं १.३. म्हणजे बारा तासांत जेवढं चढलं तेवढंच राहिलंय, सकाळी बरोबर ८ वाजता. उत्तर इतकं सुबक होतं की सगळ्या वर्गानं माना डोलावल्या.

मी नुसतं म्हणालो, "३७ फूट ७ इंचावर किती इंच चढलं की ३८ फूट होतील?" शांतता. मग पहिल्या बाकावरून, "पाच. बाराला फूट होतो की!" तिथून गाडी रुळावर आली. चढलं १ फूट ३ इंच म्हणजे १५ इंच. राहिलं १ फूट ५ इंच म्हणजे १७ इंच. १५ इंचांना १२ तास, म्हणजे एका इंचाला ४८ मिनिटं. वरच्या दोन इंचांना ९६ मिनिटं. एकूण १३ तास ३६ मिनिटं, सकाळी ९ वाजून ३६ मिनिटं. कुणीही सूत्र वापरलं नाही. एकमान पद्धतीचं नावही निघालं नाही, केली मात्र तीच.

आणि मग प्रयाग चिखलीकडचा एक मुलगा उठला. त्याचं घर २०१९ च्या पुरात पाण्यात होतं. म्हणाला, "सर, असं होत नसतंय. पाणी पात्राच्या बाहेर पडलं की रानात पसरतं, मग चढ कमी होतो. आणि राधानगरीचे दरवाजे उघडले तर परत वाढतो." राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, एकातून साधारण १४२८ क्युसेक विसर्ग, म्हणजे सगळे उघडले तर जवळपास १०,००० क्युसेक, हे त्याला पाठ होतं. पुस्तकात कुठंही नसलेली गोष्ट तो सांगत होता. आपण एक गृहीत धरलंय की पाणी त्याच वेगानं चढत राहील, आणि ते गृहीतच तपासायला हवं. मी त्याला फळ्यावर लिहायला लावलं, "आपण काय धरून चाललो?" तेव्हापासून माझ्या वर्गात उत्तराखाली ही एक ओळ लिहायची पद्धत आहे.

उत्तर आल्यावर मागं वळून बघणं हा भाग घरात सहज होतो. "१३० मुलांची पन्हाळ्याला सहल, एका बसमध्ये ४८ मुलं, तर बस किती?" वहीत येतं, भागाकार २, बाकी ३४. मग विचारायचं, ही ३४ मुलं पन्हाळ्याला चालत जाणार का? तीन बस हे उत्तर मग तिचं तिलाच सापडतं. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले. समजून घेणं, बेत आखणं, तो पार पाडणं आणि मागं वळून बघणं. आपल्याकडं सगळा वेळ तिसऱ्या टप्प्यावर जातो.

पाढ्यांबद्दल लगेच सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हे सर पाठांतराच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही. सात आठे छप्पन्नला जी मुलगी अडते, तिच्या डोक्यात गोष्ट धरून ठेवायला जागाच उरत नाही. तुमच्या मुलीचे पाढे पक्के आहेत ही जमेची बाजू आहे, ती सोडू नका. शिष्यवृत्ती किंवा एनएमएमएससारख्या स्पर्धा परीक्षांसाठी वेगाच्या युक्त्या शिकवायची घाई मात्र मला पटत नाही. न समजता उचललेली युक्ती पुढच्या वर्षी उलटते, हे मी आठवीत दरवर्षी बघतो.

आता तुमच्याबद्दल. तिनं "गुणू का भागू?" विचारलं की उत्तर देऊ नका, आणि "डोकं चालव जरा" असंही म्हणू नका. म्हणा, "मला वाचून दाखवू नकोस, तुझ्या शब्दांत सांग काय झालंय ते." मग गप्प बसा. हे फार अवघड आहे, मला जमायला वर्षं लागली. मी घड्याळाकडं बघून तीन मिनिटं मोजतो. बहुतेक वेळा अडीच मिनिटांच्या आसपास काहीतरी हालतं. नाहीच हाललं तर सांगा, "आकडे छोटे करून बघू." ४७ किलोच्या जागी २ किलो घ्या, साडेतीन तासांच्या जागी १ तास घ्या. काय करायचं ते छोट्या आकड्यांत दिसतं. आणि एक उदाहरण रात्री सुटलं नाही तर सकाळपर्यंत राहू द्या. न सुटलेलं उदाहरण घेऊन झोपणं हे वाईट नाही, पण हे तिला तुमच्याकडून कळायला हवं.

सुरुवातीला एक उदाहरण देतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं आहे, ११५० सालचं. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्यानं तो एका ठिकाणी मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? सातवीत पायथागोरस आहे, तेवढं पुरतं. समीकरण नको, आधी चित्र काढू दे, मग अंदाजानं उंची धरून ताडून बघू दे. १० धरली तर काय होतं, १५ धरली तर काय होतं. दोन-तीन अंदाजांनंतर ती त्रिकोणाच्या जवळ पोचेल. उत्तर तुमच्यापुरतं सांगून ठेवतो, १२ हात. तिनं विचारलं तरी सांगू नका, आणि चार दिवस लागले तर चार दिवस लागू देत.