‘लायन किंग’ गेमची दुसरीच लेव्हल एवढी अवघड का आहे? माकडांपाशी अडकलोय.

तुमचं चुकत नाहीये, ती मुद्दामच तशी केलेली आहे. १९९४ साली वेस्टवूड स्टुडिओजने हा गेम बनवला, तेव्हा अमेरिकेत मुलं गेम विकत घेण्याआधी दोन-तीन दिवस भाड्याने आणायची. तेवढ्यात गेम संपला तर विकत कोण घेणार? म्हणून डिस्नेच्या आग्रहाने सुरुवातच कठीण केली, असं वेस्टवूडच्या लुई कॅसल यांनीच पुढे सांगितलं. धंदा म्हणून ठीक, पण पोरांना रडवलं की हो!

आता माकडांचं. ती सिंबाला एकमेकांकडे फेकतात. गुलाबी माकडाजवळ जाऊन डरकाळी फोडा, ते तोंड फिरवतं आणि फेकण्याची दिशा बदलते. कुठल्या माकडाला फिरवलं की सिंबा कुठे जाऊन पडतो, हे एकेक करून बघावं लागतं. डोक्यापेक्षा चिकाटीचं काम. शहामृगावर बसल्यावर मात्र विचार करायला वेळच नाही, गेंडा दिसला की उडी!

फारच वैताग आला तर २०१९ची नवी आवृत्ती घ्या, त्यात खेळ मागे नेता येतो. मी तेच केलं, लाज वाटली नाही.