जायचं ठरलंय, मग रडू का येतं?

“मॅडम, तिकिटं काढून झाली. राजीनामा दिला. मुलीच्या शाळेचं जमलं. आणि आता मला रोज रात्री तीनला जाग येते. आमचा निर्णय चुकला का?”

परदेशातून मायदेशी परतायला निघालेल्यांकडून हा प्रश्न मी जवळजवळ याच शब्दांत अनेकदा ऐकलाय. तोही निर्णय घेताना नव्हे, तर सगळं ठरून गेल्यावर, निघायला सहा-आठ आठवडे उरलेले असताना. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय ते गृहस्थ चाळिशीतले. बायको, नऊ वर्षांची मुलगी, परदेशात 11 वर्षं. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. भेटी सगळ्या स्क्रीनवर झाल्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी एक्सेलची शीट उघडून दाखवली. डावीकडे ‘मिळालं’, उजवीकडे ‘गमावलं’. एकूण 64 ओळी. मला असे तक्ते फारसे आवडत नाहीत, माणूस जिथे अडलेला असतो तेवढीच ओळ त्यात नेमकी नसते. इथे मात्र ती होती. बाकी प्रत्येक ओळीपुढे सविस्तर लिहिलेलं होतं, साल, प्रसंग, अगदी कंसात टीपसुद्धा. 41 व्या ओळीत उजवीकडे फक्त एक शब्द होता, ‘बाबा’.

मी तेव्हा तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. “पुढच्या वेळी इथल्या चांगल्या आठवणींची यादी करून आणा,” असं सांगून मोकळी झाले. त्यांनी शाळेतल्या हुशार मुलासारखी वीस मुद्द्यांची यादी आणली आणि ती वाचून दाखवताना ते आणखीच उतरले. प्रत्येक चांगल्या आठवणीच्या शेपटाला एकच वाक्य चिकटलेलं होतं, ‘तेव्हा बाबा तिकडे एकटे होते.’

वडील अचानक गेले होते, आणि हे पोचले दोन दिवसांनी. त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर आईपाशी जायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणजे हे नुसतं परत जाणं नव्हतं, कर्जफेड होती. आणि फेडायचंच म्हटल्यावर आधी उधारी किती ते मोजायला हवं, म्हणून तो 64 ओळींचा हिशोब.

तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी सोबत बसल्या. बोलता बोलता हे म्हणाले, “खरं सांगायचं तर ही 11 वर्षं वायाच गेली.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, ती माझीपण होती.”

खोली शांत झाली म्हणतात, तशी स्क्रीनही होते हे मला तेव्हा कळलं.

त्या परदेशी गेल्या तेव्हा त्यांना तिथे काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर त्यांनी वेगळ्याच क्षेत्रात पहिल्या पायरीपासून सुरुवात केली आणि आता कुठे त्यांच्या हाताखाली चार माणसं होती. परतायला त्यांनी होकार दिला होता, मनापासून दिला होता. पण नवरा आपल्या अपराधीपणापायी दोघांचीही वर्षं एकाच रेघेत खोडून टाकतोय, हे त्यांना सोसवत नव्हतं. मी त्या गृहस्थांना ती शीट बंद करायला सांगितली. डिलीट नाही, बंद.

मग मी त्यांना विचारलं, “आत्ता या क्षणी कुणी सांगितलं की सगळं रद्द, इथेच राहायचं, तर पहिल्यांदा काय वाटेल?” हा प्रश्न मी नेहमी विचारते आणि विचार करायला वेळ देत नाही. सुटल्यासारखं वाटलं, तर निर्णयाकडे पुन्हा एकदा बघायला हरकत नसते. हे म्हणाले, “नाही. जायचंच आहे.” लगेच म्हणाले. म्हणजे निर्णय जागेवर होता. त्यांना वाईट वाटत होतं ते सोडून जाण्याचं, आणि ते वाटणारच. घर सोडताना ज्याला काहीच वाटत नाही तो तिथे राहिलाच नव्हता असं मी समजते. (झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र हे ‘होतंच असं’ म्हणून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावं. यांची झोप यानंतर हळूहळू सुधारली.)

कर्जफेडीचं मात्र बोलावंच लागलं. ऋण फेडायला म्हणून आलेला मुलगा घरात सारखा हिशोब बघत राहतो. आईने साधं “दार लाव रे” म्हटलं तरी त्याला वाटतं, एवढं सोडून आलो आणि हे? म्हणून त्यांना विचारलं, “आईंना काय हवंय ते त्यांना विचारलंत का?” विचारलं नव्हतं. त्या रात्री फोन केला. आई म्हणाली, “या, मला आनंदच आहे. पण माझं दुपारचं झोपणं आणि माझ्या मैत्रिणी, यांत ढवळाढवळ नको.” हे सांगताना ते पहिल्यांदा हसले.

आता परतीच्या पलीकडचं थोडं. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या 200 देशबांधवांच्या अनुभवांवरून मांडलं, की परक्या देशात आधी उत्साह असतो, मग मन खचतं आणि नंतर सावरतं, म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखं. 1963 मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने त्याला दुसरा ‘यू’ जोडला, मायदेशी परतल्यानंतरचा. झाला ‘डब्ल्यू’. प्रत्येकाचा आलेख इतका सुबक येत नाही, पुढच्या अभ्यासांनीही ते दाखवलंय. पण दुसरा खड्डा असू शकतो एवढं आधी ठाऊक असलं, तरी चौथ्या महिन्यात माणूस स्वतःला वेडा समजत नाही.

निघण्यापूर्वी काय करावं, यासाठी मला डेव्हिड पोलॉक यांची मांडणी उपयोगी पडते. देशोदेशी वाढणाऱ्या मुलांमध्ये त्यांनी आयुष्यभर काम केलं. बिघडलेलं जुळवा, ज्यांचं देणं लागता त्यांना ते तोंडाने सांगा, नीट निरोप घ्या, आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार करा. या चार पायऱ्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांचा शब्द होतो ‘राफ्ट’, म्हणजे तराफा. बहुतेक लोक थेट चौथ्यावर उडी मारतात, कारण सामान, कागदपत्रं, कर यांच्या याद्या तयारच असतात. ती कामं होतात. राहून जातं ते पहिलं. या गृहस्थांचं शेजारच्या आजोबांशी मुलीच्या सायकलवरून वाजलं होतं आणि तीन वर्षं बोलणं बंद होतं. त्याआधी दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असायच्या. ते त्यांची किल्ली परत द्यायला गेले. दारातच पाऊण तास उभे राहिले. कशावर बोललात, विचारलं तर म्हणाले, “पाइपलाइनवर.” मला पुरेसं होतं.

मुलीबाबत मात्र दोघंही एक गोष्ट विसरत होते. घरात सारखं ‘आपण परत जाणार’ चाललं होतं. ती जन्मली तिथे, वाढली तिथे. तिच्यासाठी कुठलं ‘परत’? ती जाणार होती. तिला ‘तुला आवडेलच बघ’ असं पटवणं थांबवा, कोणकोणत्या जागांचा निरोप घ्यायचाय ते तिलाच ठरवू द्या, असं सुचवलं. तिने निवडलेल्या जागांत एक बसस्टॉप होता आणि शाळेमागची एक भिंत. भिंतीत काय आहे ते तिने आईवडिलांना सांगितलं नाही.

परतल्यावर चार महिन्यांनी एकदा वीस मिनिटं बोललो. आईंची दुपारची झोप शाबूत होती. पत्नींना काम मिळालं होतं, मनासारखं नव्हे. मध्येच मुलगी स्क्रीनमध्ये डोकावली आणि तिने विचारलं, “बाबा, आपण परत कधी जायचं?”

“फिरायला ना?”

“नाही. परत.”

ते तिला दुरुस्त करायला निघाले होते, तोंड उघडलेलंही दिसलं मला. मग त्यांनी खुर्ची जरा सरकवून तिला जागा केली आणि विचारलं, “त्या भिंतीत काय होतं ग?”