टीव्ही-रेडिओच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना पगार किती मिळतो आणि तो कशावर ठरतो?

तुमच्या बहिणीच्या हातात महिन्याला तीस हजार येणार नाहीत, हे आधीच सांगते. तुम्ही लिहिलंय की ती बी.कॉम. आहे, मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीने 'अ‍ॅडमिन एक्झिक्युटिव्ह' म्हणून ३ लाख ६० हजार सीटीसीची (म्हणजे कंपनी वर्षभरात तिच्यावर करेल त्या सगळ्या खर्चाची) ऑफर दिली आहे, आणि घरात वाद चाललाय की या क्षेत्रात एवढंच मिळतं का, की आकाशवाणी-दूरदर्शनची वाट बघावी. मी २००९ पासून वाहिन्यांच्या ऑफिसातच आहे. कॅमेऱ्यासमोर एकदाही गेले नाही, तरी नातेवाईक अजून विचारतात, 'अमुक अँकर खऱ्या आयुष्यात कशी आहे गं?'

आधी त्या ३ लाख ६० हजारांची चिरफाड करू. महिन्याला ३०,००० झाले. यात साधारणपणे १० टक्के 'व्हेरिएबल' असतं, म्हणजे ३,००० बाजूला. ते वर्षाच्या शेवटी मिळालं तर मिळालं. मूळ पगार १५,००० धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२०, हेही सीटीसीतच मोजलेलं असतं. उरले २४,४८०च्या आसपास. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला की बँकेत साडेबावीस हजारांच्या थोडे वर जमा होतील. व्यवसाय कर लागणार नाही, कारण महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. भाऊ असता तर आणखी दोनशे गेले असते. ईएसआयची, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याची, मर्यादा २१,००० आहे, त्यामुळे तेही बहुधा नाही. म्हणजे दवाखान्याचा विमा कंपनी काढते का आणि त्याचा हप्ता कोण भरतं, हे तिने विचारलंच पाहिजे.

मूळ पगार १५,०००च का धरला? पूर्वी कंपन्या मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकीचं 'स्पेशल अलाउन्स'मध्ये टाकत, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार अजून ९-१० हजारच दाखवला असेल, तर तो साचा जुना आहे. एचआरला नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. 'अ‍ॅडमिन' हा शब्द वाहिनीत फार ढगळ आहे. रिसेप्शन, गाड्यांचा हिशेब, रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडणाऱ्या कॅबची यादी, कॅन्टीनचं कंत्राट, कॅमेरामनच्या बाहेरगावच्या खर्चाची व्हाउचरं, पाहुण्यांचं मानधन आणि त्यावरचा टीडीएस, सगळं त्यातच येतं. शिवाय नियमाने ९० दिवस जपून ठेवायच्या प्रसारणाच्या रेकॉर्डिंगची नोंद आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाशी पत्रव्यवहार. आणि जाहिरातींचं ट्रॅफिक. या सगळ्यांच्या ओळखपत्रावर एकच पद असू शकतं, पण पाच वर्षांनी पगारात दुपटीचा फरक पडतो. तुमचा कागद वाहिनीच्या पैशाच्या किती जवळ आहे आणि तुमचा पगार कोणाच्या खात्यातून निघतो, या दोन गोष्टींनी बहुतेक सगळं ठरतं. वाहिनीचं नाव, तिचा टीआरपी, ऑफिस किती चकाचक आहे, हे सगळं त्यानंतर.

माझंच सांगते. मी लागले ती फ्रंट डेस्कवर, महिना आठ हजारांवर, आणि तेही वाहिनीच्या पेरोलवर नाही. एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी कंपनीच्या पेरोलवर होती. तेच फोन, तीच रजिस्टरं, पण तिला विमा, दिवाळीला बोनस आणि दर एप्रिलला अप्रेझल. मला अप्रेझल म्हणजे एजन्सीच्या माणसाला केलेला फोन. तो म्हणायचा, 'क्लायंट वाढवून देत नाही.' आणि वाहिनी म्हणायची, 'तुमचं एजन्सी बघते.' दोघांच्या मधे दोन वर्षं गेली.

मग ट्रॅफिकमधली एक जण बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मला 'तीन महिने बस तिथे' असं सांगितलं. ट्रॅफिक म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या बहिणीचा पगार पुढे वाढायचा असेल तर तो इथून वाढेल.

जाहिरात एजन्सी रिलीज ऑर्डर पाठवते, तिला आम्ही आरओ म्हणतो. कोणती जाहिरात, किती सेकंदांची, कोणत्या तारखांना, दिवसातल्या कोणत्या बँडमध्ये, म्हणजे वेळेच्या पट्ट्यात, दहा सेकंदांना काय दर, हे त्यात असतं. ट्रॅफिकवाला त्या जाहिराती एफपीसीप्रमाणे, म्हणजे दिवसभराच्या कार्यक्रमांच्या तक्त्याप्रमाणे, ब्रेकमध्ये बसवतो. दोन साबणवाले एकाच ब्रेकमध्ये लागोपाठ येता कामा नयेत, वगैरे. दुसऱ्या दिवशी प्लेआउटकडून, म्हणजे प्रक्षेपण चालवणाऱ्या विभागाकडून, लॉग येतो, त्यात प्रत्यक्ष काय कितीला लागलं ते सेकंदासकट असतं. आरओ आणि लॉग ओळीने ताडायचे. जुळले की टेलिकास्ट सर्टिफिकेट निघतं, त्यावर बिल. एजन्सी आपलं पंधरा टक्के कमिशन कापून पैसे देते, तेही दोन-तीन महिन्यांनी. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं स्वतःचे प्रोमो. दहा सेकंदांच्या हिशेबाने तासाला साठ जागा. रात्री साडेआठचा ब्रेक गेला की गेला, तो गोदामात ठेवून उद्या विकता येत नाही. त्यामुळे तो ब्रेक कागदावर नीट आला नाही, तर वाहिनीने तो फुकट वाजवला असं समजा.

माझ्या दुसऱ्याच महिन्यात एका सराफाची पाडव्याची जाहिरात चालू होती. आरओत रात्री ८ ते ९चा बँड, दर त्याच वेळेचा. नेमक्या त्या आठवड्यात दोन संध्याकाळी मोठी बातमी फुटली, अँकर लाइव्ह, ब्रेक घेतलेच नाहीत. उरलेल्या जाहिराती कोणीतरी साडेदहानंतर दामटून लावल्या. लॉगमध्ये ते स्पष्ट होतं, पण लॉग उघडून बघायची तिथे पद्धतच नव्हती. आरओवरूनच बिल काढायचे. मी अकाउंट्सला म्हटलं, बिल थांबवा. सेल्सच्या माणसाला त्याचा राग आला, कारण त्याचं महिन्याचं टार्गेट अडलं. शेवटी सराफाला पुढच्या आठवड्यात ८ ते ९मध्ये मेकगुड, म्हणजे चुकलेल्या जाहिरातींच्या बदल्यातले स्लॉट, दिले आणि मगच बिल गेलं. ते पूर्ण वसूल झालं. त्याच्या आदल्या तिमाहीतली अशीच दोन बिलं एजन्सीने परत पाठवली होती, त्यांतलं एक शेवटी बुडालं.

अकाउंट्सच्या साहेबांनी रजेवरची मुलगी परत आल्यावरही मला तिथेच ठेवलं आणि कंपनीच्या पेरोलवर घेतलं. त्या वेळी ९,२०० मिळत होते, एकदम १६,००० झाले. पुढच्या प्रत्येक अप्रेझलला मी काय केलं असेल, तर अडलेली आणि सुटलेली बिलं एका कागदावर लिहून नेली. 'मी खूप मेहनत करते' हे वाक्य तिथे सगळेच म्हणतात.

माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या ऑफरवरून सांगायचं, तर मुंबईत खाजगी वाहिनीच्या साध्या अ‍ॅडमिनला सुरुवातीला हातात १८ ते २५ हजार पडतात आणि तिथेच बसलं तर चार-पाच वर्षांत तीसच्या पुढे जाणं जड जातं. ट्रॅफिक, बिलिंग, वसुली किंवा लायसन्सचं काम येणाऱ्याला तेवढ्याच अनुभवावर ३५ ते ५० मागता येतात. अनेक वाहिन्या असलेल्या समूहात पगाराचे टप्पे आखलेले असतात, एकट्या प्रादेशिक वाहिनीत मालकाच्या मनावर. टॅली, एक्सेल, जीएसटी आणि टीडीएस नीट येणं हे किमान. इंग्रजी पत्र स्वतः लिहिता येणं याला अजूनही पैसे मिळतात, कोणी काही म्हणो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. वृत्तपत्रांत पत्रकारच नव्हे, तर कारकुनांनाही वेतन मंडळ होतं. मजिठिया मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या उचलून धरल्या. मालकांनी त्या किती पाळल्या ही वेगळी कहाणी. पण ज्या १९५५ च्या पत्रकारांच्या कायद्याखाली हे मंडळ आलं, तो वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता होता. टीव्हीच्या क्लार्कला असा आधार कधीच नव्हता. म्हणून आमच्याकडे जाहिरातीचा बाजार पडला की पगार लगेच कापतात. कोविडमध्ये माझं व्हेरिएबल सलग दोन वर्षं शून्य होतं.

सरकारी बाजू आता. आकाशवाणी-दूरदर्शन प्रसार भारतीखाली येतं, आणि पगार सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्याप्रमाणे. कनिष्ठ लिपिक, म्हणजे एलडीसी, लेव्हल २ ला मूळ १९,९०० वर. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता ११,५४२. मुंबईत घरभाडं ३० टक्के, म्हणजे ५,९७०. वाहतूक भत्ता १,३५० आणि त्यावर महागाई, मिळून २,१३३. एकूण ३९,५४५. एनपीएसचे, म्हणजे पेन्शनसाठी कापले जाणारे, दहा टक्के आणि व्यवसाय कर गेल्यावर हातात छत्तीस हजारांच्या आसपास. तोच लिपिक रत्नागिरी केंद्रावर असेल तर घरभाडं १० टक्के, वाहतूक भत्ता कमी, आणि एकूण ३४,८५४. पण रत्नागिरीत राहून. यात कोण फायद्यात, ते तुम्हीच ठरवा.

वरच्या पायरीवर, वरिष्ठ लिपिकाला लेव्हल ४, मूळ २५,५००. तिथे वाहतूक भत्ताच मुंबईत ३,६०० अधिक महागाई होतो, त्यामुळे एकूण आकडा ५३,६२८ वर उडी मारतो. गंमत म्हणजे लेव्हल २ मध्येच राहिलं तरी मूळ पगार २४,२०० किंवा वर गेला की हाच वाढीव वाहतूक भत्ता लागू होतो. १९,९०० पासून दरवर्षीची वाढ मोजली तर सातव्या वाढीला २४,५०० येतात. बढती मिळाली नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांनी एमएसीपी या योजनेने वरची लेव्हल मिळते. कोविडमध्ये केंद्राने महागाई भत्ता जानेवारी २०२० पासून दीड वर्ष १७ टक्क्यांवर गोठवला होता, ओरड झाली, पण मूळ पगार एका रुपयाने कमी झाला नाही.

मग अडचण कुठे? ही खुर्ची रिकामी सापडण्यात. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेल्यांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा आहे, ते प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं. आता निघणाऱ्या जाहिराती नीट वाचल्यात तर बहुतेक कंत्राटी, ठरावीक मुदतीच्या आणि एकरकमी मानधनाच्या असतात. त्यात वर सांगितलेलं तक्त्याचं गणित लागू होत नाही. एकाच खोलीत एका टेबलावर लेव्हल ४ आणि शेजारी कंत्राटी, हे मी माझ्या मैत्रिणीच्या केंद्रावर पाहिलंय. काम विचाराल तर कंत्राटीवरच जास्त पडतं. त्यामुळे 'सरकारी' या शब्दासाठी दोन वर्षं घरी बसून वाट बघायला मी सांगणार नाही. परीक्षा देत राहायला हरकत नाही, नोकरी करता करता.

खाजगी एफएमबद्दल फार लिहीत नाही. तिथे माणसं कमी, म्हणून एकच व्यक्ती ऑफिस, ट्रॅफिक, बिलं आणि गाण्यांच्या हक्कांचे अहवाल सगळं करते. दोन वर्षांत खूप शिकायला मिळतं, पगार मात्र शहराच्या जाहिरात बाजाराएवढाच.

बहिणीने होकार देण्याआधी एचआरला एवढं विचारावं: नेमणूक वाहिनीच्या पेरोलवर की एजन्सीच्या? मुदतीचा करार असेल तर किती महिन्यांचा, कारण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या कराराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी लागू आहे, पाच वर्षं थांबावं लागत नाही. गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं? आणि रिपोर्टिंग कोणाला, अ‍ॅडमिनच्या मॅनेजरला की फायनान्सला? फायनान्स असेल तर मी डोळे झाकून हो म्हणेन. ३ लाख ६० हजारांऐवजी ३ लाख ४० हजार द्या पण सगळं फिक्स द्या, असं मागून बघावं. लहान पदांवर ते बऱ्याचदा मान्य करतात, कारण वर दाखवायचा आकडा कमी होतो.

आणि ट्रॅफिकला बसवणार असतील, तर पहिले सहा महिने संध्याकाळची शिफ्ट तिने नाकारू नये. लाइव्ह बातमीत ब्रेक कसे घसरतात ते तिथे बसूनच कळतं. सकाळी येणाऱ्याच्या हाती फक्त लॉग येतो.