वाचकांचे प्रश्न : अंगावरचे सेन्सर आणि ओपनसिम

या अंकासाठी सांगली-सातारा भागातून आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच विषयावर होते. कमरेला, मांडीला, नडगीला बांधलेल्या इनर्शिअल सेन्सरची (दिशा आणि हालचाल टिपणाऱ्या आयएमयूची) नोंद ओपनसिममध्ये, म्हणजे शरीराच्या मॉडेलवर हालचाल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेताना काय चुकते, हा तो विषय. पाच प्रश्न निवडले आहेत.

मिरजेत फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण घेते. कंबर, दोन्ही मांड्या, नडग्या आणि पावले असे सात सेन्सर वापरते. कॅलिब्रेशननंतर मॉडेल नीट उभे दिसते, पण चालण्याची नोंद चालवली की आडवे पडते. सेन्सर खराब आहेत का?

सेन्सर ठीक आहेत. ओपनसिममध्ये वाय अक्ष वर, एक्स पुढे आणि झेड उजवीकडे असतो. बहुतेक सेन्सरमध्ये मात्र झेड अक्ष वर धरलेला असतो. हा फरक भरून काढायला सगळी नोंद एक्स अक्षाभोवती उणे ९० अंश फिरवावी लागते. ते फिरवणे दोन ठिकाणी लिहायचे असते: सेन्सर मॉडेलवर बसवणाऱ्या कॅलिब्रेशनच्या सेटिंगमध्ये आणि सांध्यांचे कोन काढणाऱ्या इन्व्हर्स कायनेमॅटिक्सच्या सेटिंगमध्ये. तुमचे पहिल्या ठिकाणी लिहिले गेले आहे, दुसऱ्या ठिकाणी राहिले आहे. म्हणून उभी पोझ बरोबर येते आणि चाल सुरू झाली की मॉडेल आडवे होते. आकडा रेडियनमध्ये लिहा: उणे १.५७०७९६३, मग शून्य, शून्य. तिथे ९० लिहिले तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, ९० रेडियन समजून मॉडेल भलतीकडे फिरवतो.

यानंतर एक चूक उरू शकते, आणि ती उभ्या पोझमध्ये दिसतच नाही. कंबरेचा सेन्सर माकडहाडाच्या वर पाठीला बांधला असेल तर त्याचा झेड अक्ष मागे बघतो. म्हणून कॅलिब्रेशनमध्ये मॉडेलचे तोंड कुठे ते सांगणारा दिशेचा अक्ष ‘उणे झेड’ असा द्यावा लागतो. नुसता ‘झेड’ दिला तर पुढचे-मागचे उलटते. कॅलिब्रेशनमध्ये सेन्सर मॉडेलच्या मूळ पोझशी जुळवले जात असल्याने उभे मॉडेल सुरेख दिसते. चालताना मात्र गुडघा मागे दुमडण्याऐवजी पुढे वाकायला बघतो आणि त्याच्या कोनाचा आलेख शून्यावर चिकटून बसतो. दिशा ९० अंशांनी चुकली तर गुडघ्याचे दुमडणे मांडी बाजूला जाण्यासारखे दिसते. म्हणून दरवेळी पहिली तपासणी एकच ठेवा: रुग्णाला उभ्या जागी उजवा गुडघा तीनदा दुमडायला सांगा आणि पडद्यावर तोच गुडघा, त्याच बाजूला दुमडतो का ते पाहा. डावा दुमडला तर सेन्सरच्या क्रमांकांना दिलेली नावे उलटसुलट झाली आहेत.

मॉडेल पडद्यावर तिरप्या दिशेला तोंड करून चालले तर काळजी करू नका. खोलीत रुग्ण ज्या दिशेला चालला ती दिशा त्यात उतरते. सांध्यांच्या कोनांना त्याने धक्का लागत नाही.

कराडला अभियांत्रिकी शिकतो. सेन्सर घरीच जोडले आहेत, नोंद सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या फाइलमध्ये) आहे. ओपनसिमचा तयार रीडर ती वाचत नाही. फाइल हाताने कशी बनवावी?

ओपनसिमला हवी ती डॉट एसटीओ फाइल साधी मजकुराची असते. वर चार-पाच ओळींचा मथळा: डेटारेट (समजा १००), डेटाटाइप क्वाटर्निअन (एका सेन्सरची दिशा सांगणारे चार आकडे), व्हर्जन ३, ओपनसिमची आवृत्ती आणि शेवटी एन्डहेडर. त्याखाली स्तंभांची नावे. पहिले नाव टाइम, पुढे प्रत्येक सेन्सरचे, पण ते मॉडेलमधल्या हाडाच्या नावापुढे अंडरस्कोर आणि आयएमयू जोडूनच. राजगोपाल आणि सहकाऱ्यांच्या शरीराच्या मॉडेलमध्ये (राजगोपाल २०१५) उजव्या मांडीचे नाव ‘फीमर_आर’ आहे, म्हणून स्तंभ ‘फीमर_आर_आयएमयू’. फाइलमध्ये हे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायचे. एक अक्षर चुकले तरी तो सेन्सर मॉडेलवर बसत नाही.

दोन स्तंभांमध्ये टॅब येतो. एका सेन्सरचे चार आकडे मात्र एकाच रकान्यात, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले, जसे ०.८९४,०.०१२,-०.०३१,०.४४७. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. फाइल एक्सेलमध्ये उघडून टॅबच्या मजकुरात जतन केली की एक्सेल स्वल्पविराम असलेल्या प्रत्येक रकान्याला अवतरणचिन्हे लावते आणि ओपनसिमला ती फाइल वाचता येत नाही. तपासायला नोटपॅड वापरा, बनवायला पायथन.

पायथनमध्येही एक खड्डा आहे. ओपनसिमला क्वाटर्निअनचा अदिश भाग (चारांपैकी अक्षाशी न जोडलेला आकडा) पहिला हवा असतो, साय-पाय या पायथनच्या लायब्ररीतल्या रोटेशनमध्ये तो मुळातच शेवटी येतो. चारही आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ येते का ते बघाच (वरच्या उदाहरणात ती १.०००१५ येते, म्हणजे ठीक). पण क्रम चुकला तरी बेरीज १ च येते, हे लक्षात ठेवा. क्रम पकडायचा असेल तर सेन्सर सरळ ठेवून नोंद शून्यावर आणा: एक आकडा १ च्या जवळ आणि तीन शून्याजवळ दिसले पाहिजेत. जो १ च्या जवळ, तो अदिश भाग.

सेन्सरचे काही नमुने (क्षणाक्षणाच्या नोंदी) गळले असतील तर वेळेच्या स्तंभात फट पडते. फट भरताना शेजारच्या दोन क्वाटर्निअनची चिन्हे जुळतात का ते पाहा. अधिक आणि उणे क्वाटर्निअन एकच दिशा दाखवतात, पण चिन्हे विरुद्ध असताना मधले आकडे सरळ काढले तर मांडी एका क्षणात गरकन फिरलेली दिसते.

मिरजेतच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण बघतो. एकाचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, तरी आलेखात उभा असताना शून्य अंश येतात.

कॅलिब्रेशन फाइलमधला पहिला क्षण घेते आणि त्या क्षणी रुग्ण मॉडेलच्या मूळ पोझमध्येच उभा आहे असे धरते. मॉडेलचा गुडघा तिथे शून्यावर आहे, म्हणून रुग्णाचे १२ अंशही शून्य होतात आणि पुढचा प्रत्येक कोन १२ ने कमी येतो. उपाय सोपा आहे. उभ्या स्थितीतला कोन गोनिओमीटरने (सांध्याच्या कोनमापकाने) मोजा, मॉडेलमध्ये त्या गुडघ्याची मूळ किंमत १२ अंश करून वेगळ्या नावाने जतन करा आणि त्यावर कॅलिब्रेशन करा. हे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे करावे लागेल. टाळू नका, कारण रुग्णाची प्रगती याच आकड्यांवर ठरणार आहे. फाइलची सुरुवात पट्टा सारखा करताना झालेल्या हालचालीने होत असेल तर तेवढा भाग आधी कापून टाका.

साताऱ्यात धावपटूंना शिकवतो. यवतेश्वरच्या चढावर नोंद घेतली, पण मॉडेल जागच्या जागी धावते. चढ आणि अंतर कुठे गेले?

ते या नोंदीत नसतेच. ओपनसेन्स, म्हणजे ओपनसिमचा सेन्सरच्या नोंदी हाताळणारा भाग, सेन्सरची फक्त दिशा वापरते, जागा नाही. प्रवेगावरून अंतर काढायचे तर दोनदा बेरीज करत जावे लागते आणि चूकही तशीच साठत जाते. प्रवेगात ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच कायमची चूक धरा, १० सेकंदांत अंतर अडीच मीटरने चुकते. अंतर आणि चढ जीपीएस घड्याळावरून घ्या, या नोंदीतून गुडघा, नितंब आणि घोट्याचे कोन घ्या. जमिनीकडून पायाला मिळणारे प्रतिक्रिया बल मोजलेले नसल्याने सांध्यांवरचे बलही यातून थेट काढू नका.

सांगलीत तालीम चालवतो. बैठकांची नोंद घेतली. खाली बसल्यावर गुडघ्याचा आलेख १२० अंशांवर सपाट होतो, पैलवान तर पूर्ण खाली बसतात.

तुमचे निरीक्षण अचूक आहे. राजगोपाल २०१५ मॉडेलचा गुडघा १२० अंशांनाच अडवलेला आहे. मॉडेलच्या फाइलमध्ये ती मर्यादा २.०९४३९५१ रेडियन अशी दिसेल. ते मॉडेल चालण्या-धावण्यासाठी बनले होते. लाई आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दिलेले मॉडेल १४० अंशांपर्यंत जाते, ते घ्या. त्याहून खोल बैठकीचे आकडे कोणाला देऊ नका.

नडगीचा सेन्सर पोटरीवर असेल तर खाली बसल्यावर मांडी त्याला ढकलते आणि गुडघ्याचा कोन खोटा बदलतो. तो नडगीच्या आतल्या सपाट हाडावर, गुडघ्यापासून चार बोटे खाली डबलटेपने चिकटवा, वर वेल्क्रोचा पट्टा घ्या. मांडीचा सेन्सर बाहेरच्या बाजूला ठेवा, समोर फुगणाऱ्या स्नायूवर नको.

जागाही बघा. सळ्यांच्या स्लॅबवर पावलांच्या सेन्सरचे चुंबकमापक सर्वांत आधी बिघडते, कारण ते लोखंडाच्या सर्वांत जवळ असते. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला असते. सेन्सर जमिनीजवळ नेल्यावर हा आकडा बराच हलला तर जागा बदला. सगळे सेन्सर एका लाकडी फळीवर एकाच दिशेला रांगेत ठेवून दहा सेकंद नोंद घ्या (लोखंडी टेबल नको). त्यांच्या दिशांमध्ये पाच अंशांहून जास्त फरक असेल तर त्या दिवशीची नोंद सुरू करू नका. बैठका संपल्यावर पैलवानाला पुन्हा सुरुवातीच्याच पोझमध्ये उभे करा. सुरुवातीचा आणि शेवटचा गुडघ्याचा कोन पाच अंशांच्या आत जुळला तरच ती नोंद ठेवा.