बेळगावात ईव्ही घेतली तर चार्जिंग पेट्रोल भरण्याइतकं सोयीचं पडतं का? महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जातो.

तुमचा प्रश्न वाचला. भाड्याच्या फ्लॅटात राहता, रोजचं येणं-जाणं तीसेक किलोमीटर, महिन्यातून दोनदा कोल्हापूर, आणि कुणीतरी सांगितलंय की पेट्रोल पाच मिनिटांत भरून होतंय, चार्जिंगला तास जातोय, म्हणून घेऊ नका. हे पाच मिनिटांचं वाक्य मी गाडी घेतल्यापासून आमच्या दाजींच्या तोंडून प्रत्येक लग्नात, बारशात, गणपतीत ऐकत आलोय, त्यामुळं हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ सांगतो, पाच मिनिटं विरुद्ध एक तास ही तुलनाच चुकीची आहे. माझं अनगोळला स्वतःचं घर आहे, पुढं शेड आहे, रात्री साडेदहाला गेटला कुलूप घालायला खाली उतरतो तेव्हाच चार्जरची गन गाडीला लावून येतो, सकाळी काढतो. माझं चार्जिंग एवढंच. २४ युनिटची बॅटरी आहे, पंधरा अँपियरच्या प्लगवर पूर्ण रिकामी असली तरी आठ-नऊ तासांत भरतेय, आणि रोज पूर्ण रिकामी कोण करतंय? उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, दिवसभर फौंड्री, हार्डवेअर, गिऱ्हाईक असं फिरून पन्नास किलोमीटर झाले तर सात-आठ युनिट जातात. पंपावर जाऊन उभं राहणं हा प्रकार माझ्या आयुष्यातून गेलाय. पेट्रोलवाल्याची पाच मिनिटं आठवड्यातून एकदा तरी जातातच, वर पंपापर्यंत जाणं वेगळं. म्हणजे गावातल्या वापराला ईव्हीच जास्त सोयीची आहे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

रस्त्यावरची गोष्ट मात्र वेगळी. ती सांगायची तर भाचीच्या लग्नाचं सांगावं लागेल.

मार्च २०२३ ला गाडी घेतली आणि मे महिन्यात भाचीचं लग्न कोल्हापुरात. आक्काची थोरली मुलगी, मी एकुलता एक मामा. भाचीला बोहल्यावर मामानं आणायचं असतंय, हे तुम्हाला सांगायला नको. मुहूर्त १२ वाजून ४० मिनिटांचा. घरची सगळी आदल्या दिवशी बसनं गेली, मला एक डिस्पॅच संपवायचा होता म्हणून मी मागं राहिलो आणि आईला एवढं ऊन बसमध्ये सोसणार नाही म्हणून तिलाही मागं ठेवलं, सकाळी एसीत आरामात नेतो म्हटलं. आई तेव्हा ७४ वर्षांची. आदल्या दिवशी खानापूरकडं दोन फेऱ्या झाल्या होत्या, रात्री दहाला गन लावली तेव्हा ३० टक्के होतं. साडेअकराला वळीव आला आणि लाईट गेली ती सकाळी साडेसातला आली. साडेआठला निघालो तेव्हा ५८ टक्के.

आता हिशेब बघा. हायवेला मेच्या उन्हात एसी लावून नव्वदनं गेलं तर एका युनिटला सात किलोमीटर धरायचे. ५८ टक्के म्हणजे चौदा युनिट, म्हणजे अठ्ठ्याण्णव किलोमीटर. कोल्हापूर एकशे दहा. बारा किलोमीटर कमी पडतात, तर निपाणीजवळ एका हॉटेलात ॲपवर फास्ट चार्जर दाखवतंय, तिथं वीस मिनिटं थांबू, आई चहा घेईल, अकरा-सव्वाअकराला हॉलवर. तवंदी घाट उतरताना (उतारावर ईव्हीची बॅटरी थोडी परत भरते) एक टक्का परत आला तेव्हा मी आईला कौतुकानं दाखवलाही.

सव्वादहाला त्या हॉटेलवर पोचलो, १४ टक्के शिल्लक. चार्जरला दोन गन. एकीकडची स्क्रीन काळी, मशीन बंद. दुसरीला एक गाडी लागलेली, ७८ टक्क्यांवर, आणि मालक गायब. आत जेवणाऱ्यांत शोधून काढायला पाऊण तास गेला, गाडीचा नंबर घेऊन प्रत्येक टेबलावर विचारत हिंडलो. सापडला तर म्हणतोय मला पुण्याला जायचंय, शंभर करूनच काढणार. ज्यांच्याकडं ईव्ही आहे त्यांना माहीत आहे, ८० च्या पुढं बॅटरी स्वतःच करंट कमी घेते, ८० ते १०० ला जवळजवळ तेवढाच वेळ जातो जेवढा १० ते ८० ला जातोय. हायवेवर कुणी मागं थांबलेलं असताना ८० च्या वर चार्ज करत बसणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नाही. हात जोडले तेव्हा ११ वाजून २० मिनिटांनी त्यानं गन काढली. मग चार्जर चालू करायचं ॲप. ओटीपी येईना. आला तर वॉलेटमध्ये आधी पैसे टाका. टाकले तर चार्जिंग दोन मिनिटं चालून बंद. हेल्पलाईनला फोन, त्यांनी कुठून तरी मशीन बंद करून चालू केलं, ११:५५ ला खरं चार्जिंग लागलं. सव्वाबाराला निघालो. हॉलवर पोचलो तेव्हा १ वाजून ५ मिनिटं झाली होती, अक्षता पडून लोक पहिल्या पंगतीला बसले होते. भाचीला माझ्या चुलतभावानं बोहल्यावर आणलं. आई काहीच बोलली नाही, रुखवतापाशी खुर्ची होती तिथं जाऊन बसली. आक्कानं आईला पाणी दिलं, माझ्याकडं बघितलं नाही.

आणि दाजी पंगतीत वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय पावणं, झाली का चार्ज? आमचं बघा, पाच मिन्टात टाकी फुल्ल."

त्या दिवशी मी गप्प बसलो. पण त्यावर विचार भरपूर केलाय. गाडी कुठं चुकली? गाडीनं पहिल्यापासून खरं सांगितलं, ५८ म्हणजे ५८. चूक माझी, मी एकाच चार्जरच्या भरवशावर निघालो. आणि त्याहून मोठी चूक, निपाणीहून कोल्हापूरला सारख्या बस असतात, सव्वादहालाच गाडी तिथं सोडून आईला घेऊन बस धरली असती तर साडेअकरापर्यंत पोचलो असतो. डोक्यातच आलं नाही. गाडी नवीन, तिला सोडून बसनं जायचं हे मनानं घेतलंच नाही. ही गोष्ट दाजींना मी आजपर्यंत सांगितली नाही, इथं लिहितोय.

पण दाजींचं "पाच मिन्टात" पण ऐका. जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक ड्रायव्हरांनी संप केला, टँकर थांबले, पेट्रोल संपणार म्हणून महाराष्ट्रात पंपांवर रांगा लागल्या. २ तारखेचं आठवत असेल तुम्हाला. त्याच आठवड्यात आमच्याकडं आईचा पंच्याहत्तरीचा कार्यक्रम होता आणि दाजींच्या गाडीत पेट्रोल काट्याच्या खाली. दोन पंपांवर मिळून तीन तास उभे राहून परत आले. आक्काचा फोन आला, आम्हाला काय जमतंय असं दिसत नाही. मी दुपारी उद्यमबागेतून निघालो, ९७ टक्के होतं, वेगाचा काटा सत्तरच्या वर जाऊ दिला नाही, एकशे दहा किलोमीटर जाऊन ४१ शिल्लक. दाजींच्या बाथरूमच्या गीझरचा पंधराचा प्लग होता, खिडकीतून एक्स्टेन्शन न लावता गाडीच मागच्या बोळात घेतली आणि रात्रभर तिथं लावली. सकाळी दाजी, आक्का, भाची आणि जावई चौघांना घालून बेळगावला. येताना चार माणसं आणि तवंदीचा चढ, तरी २८ टक्के राहिलं.

दाजी गाडीत म्हणाले, "व्हय, पण हे काय रोज होतंय व्हय? वर्षातला एक दिवस." मी म्हटलं, दाजी, माझा पण तो वर्षातला एकच दिवस होता. त्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. तरी पुढच्या गणपतीत परत पाच मिनिटं काढलीच.

असो, पैशाचं सांगतो, कारण आपल्याकडं कर्नाटकात त्यात एक भानगड आहे जी शोरूमवाला सांगत नाही. गृहज्योतीचं, म्हणजे सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं, शून्य बिल. २०० युनिटपर्यंत फुकट असं सगळे म्हणतात पण तुमचा कोटा म्हणजे तुमच्या २०२२-२३ च्या महिन्याच्या वापराची सरासरी अधिक दहा टक्के. त्याच्या वर आणि २०० च्या आत राहिलात तर वरच्या युनिटचे पैसे, २०० ओलांडले की सगळ्याच युनिटचं बिल. माझ्या घरचा वापर ११८ युनिटचा, गाडीचे महिन्याला १४० च्या आसपास, म्हणजे शून्य बिल गेलं. बायकोनं महिनाभर तेच ऐकवलं, सगळ्या गल्लीला फुकट आणि आपल्यालाच बिल. बिल येतं दोन हजारांच्या आत-बाहेर. पण आधीची पेट्रोल गाडी तेवढ्याच हजार-अकराशे किलोमीटरला सात हजारांवर खात होती, हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा विषय संपला. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला मात्र युनिटला वीस रुपयांच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी, तिथं किलोमीटरला सव्वातीन-साडेतीन रुपये धरा. नेहमी बाहेरच चार्ज करणार असाल तर बचत अर्धी गेली.

घरी लावणार असाल तर एक गोष्ट ऐकाच, अर्थिंग. गाडीसोबत येणारा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा लावून बसतोय. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी तसंच झालं, घर जुनं, अर्थिंग नावालाच. वायरमन म्हणाला, प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दोन मिनिटांचं काम. अजिबात करू देऊ नका. कुठं न्यूट्रल तुटली तर गाडीच्या बॉडीत २३० व्होल्ट येणार आणि पहिला हात दाराला कुणाचा लागेल हे सांगता येत नाही, आमच्या अंगणात बारकी पोरं खेळत असतात. मी खड्डा मारून, कोळसा-मीठ घालून, तांब्याची प्लेट पुरून नवीन अर्थिंग करून घेतलं. तरी तिथं संध्याकाळी शेतातल्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंय आणि चार्जिंग बंद होतंय, रात्री अकराच्या पुढं लावायचं.

गोव्याचं विचारलं नाही तुम्ही पण जाणारच, बेळगावचा माणूस आहात. चोर्ला उतरताना बॅटरी संपतच नाही असं वाटतं, येताना तोच घाट आठशे मीटर चढायचा असतोय, भरलेल्या गाडीला नुसत्या त्या चढाचेच साडेतीन युनिट जादा लागतात, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या बॅटरीचे पंधरा टक्के. खाली गोव्यातल्या साखळी गावापाशी चढासकट बेळगावपर्यंत पुरेल एवढं चार्ज नसेल तर घाटाला लागू नका. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळं पेट्रोलवाला येताना टाकी भरून खूश असतोय, हे मान्य.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय भाड्याचा फ्लॅट. वर मी जे सोयीचं म्हटलं ते सगळं स्वतःचा प्लग असलेल्याचं आहे. खाली पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरून वायर ओढून पंधराचा प्लग घालायला घरमालक आणि शेजारीपाजारी हो म्हणत असतील तर खुशाल घ्या, रोजचे तीस किलोमीटर म्हणजे दीड-दोन तासांचं चार्जिंग. नाही म्हणत असतील तर घेऊ नका, तेव्हा दाजींचंच खरं, आठवड्यातून दोनदा चार्जरवर जाऊन तास तास बसायला तुम्ही कंटाळून जाल आणि शिव्या गाडीला द्याल. बॅटरी मात्र माझ्यासारखी २४ ची नको, चाळीसच्या पुढची बघा, कोल्हापूरला जाऊन परत यायला वाटेत थांबायची गरज पडणार नाही. कोल्हापूरला ज्यांच्याकडं जाता त्यांच्याकडं पंधराचा प्लग आहे का तेही विचारून ठेवा. आणि लग्नाला जाणार असाल तर आदल्या रात्री नाही, त्याच्याही आदल्या रात्री गाडी भरून ठेवा.

घरमालकाशी बोलताना पहिल्यांदा मीटर कुणाच्या नावावर आहे आणि शून्य बिल येतंय का ते विचारा. त्याचं शून्य बिल तुमच्या गाडीमुळं जाणार असेल तर ते पैसे मी देतो असं आधीच बोलून ठेवा, बहुतेक तिथंच अडतंय.